जोड कुठे ठेवावा

कोठीच्या गुजराती गल्लीत अ‍ॅम्प्लिफायरचे बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, वूफर आणि वायरची भेंडोळी दुकानांच्या तोंडाशीच मांडलेली असतात. हैदराबादच्या मराठी माणसाला हा भाग घरचा. सुलतान बाजार, काचीगुडा, गौळीगुडा या जुन्या वस्त्या आणि १९०७ साली सुरू झालेली विवेक वर्धिनी, सगळे याच परिसरात. घरात गाणे ऐकायला कोणते यंत्र घ्यावे, हा प्रश्न इथल्या कितीतरी कुटुंबांनी या गल्लीत येऊनच सोडवला आहे. सगळे काही एकाच पेटीत असलेले यंत्र आणावे, की प्लेअर वेगळा, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, स्पीकर वेगळे अशी जुळणी करावी?

आज हा प्रश्न शहराच्या दुसऱ्या टोकालाही विचारला जातो. नांदेड, लातूर, सोलापूरकडून नोकरीसाठी आलेली तरुण मंडळी गच्चीबावली, कोंडापूर, मियापूरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. गाणी त्यांच्या फोनमध्ये आहेत. बाजारात ब्लूटूथ स्पीकर आहेत, साउंडबार आहेत, स्ट्रीमिंग अ‍ॅम्प्लिफायर आहेत, आणि गावाकडच्या घरी आजोबांच्या रेकॉर्डही आहेत. सुट्या यंत्रांचे चाहते सांगतात की खरा आवाज जुळणीतच मिळतो. दुसरी बाजू म्हणते की आता एका पेटीत सगळे उत्तम बसते, तारांचे जंजाळ कशाला. दोन्ही बाजूंकडे भक्कम कारणे आहेत. माझे मत असे की पेट्या मोजून काही ठरत नाही. यंत्रणेतला कोणता भाग लवकर निकामी होतो आणि कोणता वर्षानुवर्षे टिकतो हे ओळखावे, आणि या दोहोंच्या मध्ये उघडता येणारा जोड ठेवावा.

सुरुवात एकाच पेटीने झाली होती. निजामाच्या काळातल्या डेक्कन रेडिओचे कार्यक्रम ज्या संचांवर ऐकले जात, तो प्रत्येक संच म्हणजे ट्यूनर, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच लाकडी खोक्यात. १९५० मध्ये ते केंद्र आकाशवाणीत गेले तेव्हाही घराघरांतले यंत्र तसेच होते. ऐपतदार घरांत त्याच्या पुढची पायरी म्हणजे रेडिओग्राम: बैठकीत ठेवण्याजोगे कपाट, वरचे झाकण उचलले की रेकॉर्डची तबकडी, खाली स्पीकर. दिसायला देखणा, पण त्यात एक मुळातला दोष होता. रेकॉर्डच्या खाचेतून सुई जी हालचाल टिपते ती मिलीमीटरच्या शंभराव्या, हजाराव्या भागातली असते. त्याच कपाटात स्पीकर घुमत असेल तर त्याचे कंपन लाकडातून सुईपर्यंत पोचते, पुन्हा मोठे होते आणि आवाज चढवला की खर्ज गढूळ होतो. त्यात १९५८ च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या. दोन्ही स्पीकर एकाच कपाटात हातभर अंतरावर असले की स्टिरिओचा विस्तार जवळजवळ नाहीसा होतो. तबकडी, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर वेगळे करण्याचे ठोस कारण या दोन गोष्टींत होते. मिरवण्याचा भाग नंतर आला.

पश्चिमेत पन्नासच्या दशकात दोन्ही दिशांनी एकाच वेळी काम चालले होते. १९५४ मध्ये हार्मन कार्डनने फेस्टिव्हल नावाचा संच काढला, त्यात ट्यूनर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र होते. रिसीव्हर नावाने पुढे घरोघर गेलेल्या यंत्राचा हा पूर्वज. त्याच वर्षी एडगर व्हिलचरने बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून छोट्या खोक्यातून खोल खर्ज काढला, आणि वेगळे स्पीकर सामान्य घरात मावू लागले. एका बाजूने एकत्र करणे आणि दुसऱ्या बाजूने वेगळे काढणे, दोन्हींनी गाणे सुधारले. हे लक्षात घेतले की ‘एकत्र म्हणजे तडजोड’ हा पक्का समज सैल होतो.

आपल्याकडे आयातीवरच्या निर्बंधांमुळे निवडच थोडी होती. १९७० साली कोलकात्यात सोनोडाइन उभी राहिली, मुंबईची कॉस्मिक होती, आणि मध्यमवर्गीय घरात वेगळा अ‍ॅम्प्लिफायर व लाकडी पेट्यांचे स्पीकर दिसू लागले. पुढे पुण्याच्या केडन्स ऑडिओने तर पातळ पडद्याचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवण्यापर्यंत मजल मारली. हैदराबादचा रस्ता मात्र थोडा वेगळा होता. सत्तरच्या दशकापासून या शहरातली माणसे मोठ्या संख्येने आखातात गेली आणि सुटीवर येताना टू-इन-वन घेऊन आली. रेडिओ आणि कॅसेट एकत्र, वर दांडी, आत सेल. आकाशवाणीवरचे गाणे थेट कॅसेटवर घेता येणे ही त्या काळात केवढी मोठी सोय होती, हे ज्यांनी बोट बटणावर ठेवून निवेदन संपण्याची वाट पाहिली त्यांनाच कळेल. त्या पेट्यांनी या शहराला जितके संगीत ऐकवले तितके कुठल्याही महागड्या जुळणीने ऐकवले नसेल.

नव्वदच्या दशकातले मिनी सिस्टीम मला तितके भावत नाहीत. त्यांच्यावर हजार-दोन हजार वॉट पीएमपीओ असे आकडे छापलेले असत. त्या आकड्याला मोजमापाचा कोणताही सर्वमान्य आधार नव्हता. आत पॉवर आयसी साधा, स्पीकरची पेटी हलकी, दर्शनी भाग झगमगीत. एकत्र यंत्र म्हणजे दुय्यम यंत्र, हा समज आपल्या मनात रुजला तो याच काळात. आजही पेटी घेताना आरएमएस किंवा सलग मिळणारी शक्ती किती, एवढेच विचारावे.

आता मुळात ‘एकत्र’ म्हणजे काय ते पाहू. या एका शब्दाखाली निरनिराळी यंत्रे येतात आणि वाद बहुधा तिथेच घसरतो. एक, स्पीकरसह सगळे एका खोक्यात, म्हणजे ब्लूटूथ स्पीकर किंवा साउंडबार. दोन, स्ट्रीमर, डिजिटलचे अ‍ॅनलॉग करणारा डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर एका पेटीत, पण स्पीकर आपल्या पसंतीचे वेगळे. ब्रिटनच्या नेमने २००९ मध्ये युनिटी काढला तो या जातीचा, आणि आता खूपच स्वस्तातही असे संच मिळतात. तीन, सगळे इलेक्ट्रॉनिक्स स्पीकरच्याच पोटात, पण स्पीकर दोन आणि एकमेकांपासून दूर. २०१६ च्या केईएफ एलएस-५० वायरलेसमुळे ही जात घरगुती बाजारात प्रतिष्ठित झाली. स्टुडिओत मात्र असे अ‍ॅक्टिव्ह स्पीकर फार आधीपासून आहेत, आणि सोनोडाइनही ते बनवते. उरलेली चौथी रीत सगळे सुटे ठेवण्याची.

पहिल्या जातीची अडचण भूमितीची आहे. स्टिरिओ ऐकताना दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा लागतो, म्हणजे स्पीकरांमध्ये ६० अंशांचा कोन. चाळीस सेंटिमीटर रुंद पेटी तीन मीटरवरून ऐकली तर हा कोन सात-आठ अंश होतो. सॉफ्टवेअरने विस्ताराचा आभास करता येतो, पण तानपुरा डावीकडे, तबला उजवीकडे, मध्ये गायक असे नीट उभे राहत नाही.

इथे आपल्या श्रोत्यांसाठी एक महत्त्वाचा अपवाद आहे, आणि त्याची दखल क्वचितच घेतली जाते. आपण प्रेमाने ऐकतो त्यातले पुष्कळसे ध्वनिमुद्रण मुळात मोनो आहे. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर दीनानाथ यांच्या ७८ च्या तबकड्या, आकाशवाणीच्या संग्रहातल्या जुन्या बैठका, पन्नासच्या दशकातली भावगीते, सगळे एकाच वाहिनीचे. उस्ताद बडे गुलाम अली खाँ आयुष्याच्या अखेरीस या शहरातल्या बशीरबागेत राहिले आणि १९६८ मध्ये इथेच गेले. त्यांच्या जुन्या ठुमऱ्या ऐकताना दोन स्पीकरांचा विस्तार कामाचा नसतो, कामाचा असतो मध्यसप्तकातला स्वच्छपणा. अशा श्रोत्याला एक उत्तम स्पीकर असलेली पेटी पुरते, आणि तिच्याच किमतीच्या हलक्या जोडीपेक्षा ती पेटी चांगली वाजते. आपण काय ऐकतो याची यादी आधी करावी आणि मग दुकानात जावे, असे मी म्हणतो ते यासाठी.

किमतीच्या खालच्या पायरीवर एकत्र यंत्राची बाजू खरोखर बळकट असते. प्रत्येक सुट्या यंत्राला स्वतःचा धातूचा डबा, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, मागचे सॉकेट, खोके आणि दुकानदाराचा नफा लागतो. तीन यंत्रे घेतली की हा खर्च तिप्पट होतो, आणि त्यातला एक पैसाही आवाजाच्या वाट्याला येत नाही. पैसे थोडे असतील तर ते एका पेटीत आणि शक्य तितके स्पीकरमध्ये जावेत. अ‍ॅक्टिव्ह स्पीकरची गोष्ट याहून पुढची. नेहमीच्या स्पीकरमध्ये अ‍ॅम्प्लिफायरमधून आलेला जोरदार प्रवाह कॉइल आणि कंडेन्सरच्या जाळ्यातून वूफर आणि ट्वीटरला वाटला जातो. अ‍ॅक्टिव्हमध्ये ही वाटणी आधीच, लहान सिग्नलवर होते आणि प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर मिळतो. नेमक्या त्या वूफरसाठी, त्या पेटीसाठी सिग्नल दुरुस्त करता येतो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हीच अधिक चांगली रीत आहे. सुट्यांच्या चाहत्यांनी हे मोकळेपणाने मान्य करावे.

पण मग वयाचा प्रश्न येतो, आणि माझ्या लेखी सगळा निकाल तिथे लागतो.

रबरी कडेचा चांगला स्पीकर पंचवीस-तीस वर्षे सहज वाजतो. फोमची कड असेल तर ती आपल्या हवेत दहा-पंधरा वर्षांत भुसभुशीत होते, पण कड आणि व्हॉइस कॉइल दोन्ही बदलून मिळतात. साध्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघडते ते ओळखीचे असते: व्हॉल्यूम कंट्रोल खरखरतो, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकतात, आउटपुट ट्रान्झिस्टर उडतात. कंडेन्सरबद्दल एक ढोबळ नियम आहे की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या हैदराबादेत बंद टीव्ही-युनिटच्या कप्प्यात अ‍ॅम्प्लिफायर कोंबणे म्हणजे त्याचे वय कापणे. तरीही तो दुरुस्त होतो. कोठीच्या कारागिराला त्याचे सर्किट डोळ्यांनी दिसते. ४४४० नंबरच्या आयसीवर असेंबल केलेला साधा बोर्डही तो तासाभरात बोलता करतो.

सगळ्यात आधी निरुपयोगी होते ते सॉफ्टवेअर. गूगलचा क्रोमकास्ट ऑडिओ हा छोटा स्ट्रीमर २०१५ मध्ये आला, २०१९ च्या आरंभी त्याचे उत्पादन थांबले, आणि मार्च २०२५ मध्ये एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे जगभरातले चालू असलेले नगही काही दिवस मुके झाले. कंपनीने नंतर दुरुस्ती पाठवली. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स या स्ट्रीमरांची मालिका २०१२ मध्ये बंद केली. ती यंत्रे आजही वाजतात, कारण सर्व्हरचे सॉफ्टवेअर खुले होते आणि वापरणाऱ्यांनी ते जिवंत ठेवले. सोनोसने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले की जुन्या संचांना मे महिन्यापासून नवे अपडेट मिळणार नाहीत, आणि धडधाकट स्पीकर घरात असलेल्या ग्राहकांनी रास्त संताप व्यक्त केला. यातल्या एकाही प्रसंगात वूफर फाटला नव्हता की ट्रान्सफॉर्मर जळला नव्हता.

याउलट मागच्या बाजूचे लाल-पांढरे आरसीए सॉकेट तीसच्या दशकातले आहे आणि ते अजून चालते. १९७८ चा एनएडी ३०२० अ‍ॅम्प्लिफायर, कागदावर जेमतेम २० वॉटचा, आजच्या स्ट्रीमरला दोन तारांनी जोडला की गायला लागतो. त्याच्या निर्मात्यांना इंटरनेटची कल्पनाही नव्हती. जोड साधा आणि सर्वांचा असला की यंत्र आपल्या काळाच्या पलीकडे टिकते, म्हणून स्ट्रीमिंगचा भाग शक्यतो छोट्या, स्वस्त, वेगळ्या पेटीत ठेवावा. पाच-सात वर्षांनी तो बदलायचाच आहे हे गृहीत धरावे, आणि अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकरवर मन लावून खर्च करावा. एकत्र पेटीच घ्यायची असेल तर तिच्या मागे अ‍ॅनलॉग लाइन-इन आहे का आणि स्पीकरच्या तारा काढता येतात का, एवढे पाहिल्याशिवाय घेऊ नये. लाइन-इन असेल तर आतला स्ट्रीमर मेला तरी अ‍ॅम्प्लिफायर कामात राहतो. अ‍ॅक्टिव्ह स्पीकरचाही कच्चा दुवा हाच: आतला बोर्ड गेला आणि तो कंपनीकडे मिळेनासा झाला की उत्तम वूफरही आत अडकून पडतो. पृष्ठभागावर चिकटवलेल्या सूक्ष्म भागांचा नेटवर्क मॉड्यूल गुजराती गल्लीतला कुशल हातही सहसा दुरुस्त करू शकत नाही.

सुटी यंत्रे घेणाऱ्याला इथल्या घरांमध्ये ज्या अडचणी येतात त्या पुस्तकांत फारशा सापडत नाहीत. पहिली हमिंगची. जुन्या इमारतींत अर्थिंग कच्चे असते. अ‍ॅम्प्लिफायर एका भिंतीवर, सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या भिंतीवर लावला की केबलच्या ग्राउंडमधून आणि विजेच्या अर्थिंगमधून एक बंद फेरा तयार होतो आणि स्पीकरमधून सतत गुणगुण येते. सगळी यंत्रे एकाच बोर्डवर घेतली की ती बहुधा जाते. नाही गेली तर केबलवाल्याची तार काढून पाहावी. एका पेटीत हा त्रास जवळजवळ नसतोच. दुसरी अडचण अमेरिकेतल्या नातेवाइकांनी प्रेमाने आणलेल्या यंत्रांची. ती १२० व्होल्टची असतात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तरी आपली वीज ५० हर्ट्झची, तिथली ६०. विजेच्या हर्ट्झवर फिरणारी मोटर असलेला टर्नटेबल इथे मंद फिरतो, मिनिटाला ३३ च्या जागी सुमारे २८ फेरे, आणि प्रत्येक गायक सुमारे तीन अर्धस्वर खाली उतरतो. असा टर्नटेबल घेण्याआधी मोटर कोणती ते पाहावे.

रेकॉर्डचा विषय निघालाच आहे तर एवढे सांगतो: टर्नटेबलच्या सुईतून साधारण ५ मिलिव्होल्ट येतात आणि सीडी प्लेअरमधून २ व्होल्ट. मधला फोनो स्टेज नसेल तर आवाज मुंगीएवढा येईल. बऱ्याच नव्या एकत्र पेट्यांत फोनो सॉकेट नसते. आणि ७८ च्या तबकड्यांची खाच रुंद असते, तिला वेगळी, जाड सुई लागते. एलपीची सुई त्यावर चालवली तर ती खाचेच्या तळाशी घासते आणि खरखरीखेरीज फारसे हाती लागत नाही.

शक्तीची चिंता मात्र बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त करतात. ८७ डेसिबल संवेदनक्षमतेची स्पीकरची जोडी, तीन मीटरवरून, घरात सोसवेल इतक्या मोठ्या आवाजात ऐकली तर सर्वोच्च क्षणीही वीस-तीस वॉट पुरतात. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. तारांबद्दलही तेच. अडीच चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या तारेचा पाच मीटरपर्यंत जाऊन येण्याचा रोध ओहमच्या सात शतांशांएवढा भरतो, आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य. वायरिंगच्या दुकानातली चांगली तार घ्यावी आणि वाचलेला पैसा खोलीवर खर्चावा.

कारण खोली हे शेवटचे आणि सगळ्यात न टाळता येणारे यंत्र आहे. जुन्या घरांत शहाबादी फरशी, नव्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स, उघड्या भिंती, मोठी काच. टाळी वाजवली की खणखणते. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज फुगतो, दहा फुटांच्या रुंदीत ५६ च्या आसपासचा, आणि तबल्याचा बायाँ एका ठिकाणी गडगडतो तर दोन फूट सरकले की हरवतो. जाड सतरंजी, पडदे, भरलेले पुस्तकांचे कपाट, आणि भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढलेले स्पीकर यांनी जो फरक पडतो तो दुप्पट किमतीच्या अ‍ॅम्प्लिफायरनेही पडत नाही. या बाबतीत सॉफ्टवेअरचे ऋण मानले पाहिजे. आजच्या बऱ्याच एकत्र पेट्या फोनच्या माइकवरून खोली मोजून खर्जाचा फुगवटा कापतात. साध्या सुट्या अ‍ॅम्प्लिफायरला हे येत नाही.

दर दोन वर्षांनी घर बदलणाऱ्या जोडप्याने, माझ्या मते, दोन अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घ्यावेत, लाइन-इन असलेले. कपाटांची, रॅकची गरज नाही आणि शेजारच्या भिंतीला त्रास होणार नाही इतपत खर्ज. स्वतःचे घर झालेल्याने, मनात रेकॉर्डचा ओढा असेल तर, एक चांगला इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर आणि मोकळे स्पीकर घ्यावेत. वेगळा प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प यांच्या मागे लागण्याचे कारण सामान्य खोलीत मला दिसत नाही. टीव्हीही त्यावरच ऐकायचा असेल तर एचडीएमआय एआरसी असलेला अ‍ॅम्प्लिफायर निवडावा, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. ज्या घरात वडीलधारी माणसे पहाटे अभंग लावतात तिथे एका बटणाने सुरू होणारी पेटीच हवी. आजींना कोणाला न उठवता जी यंत्रणा लावता येत नाही, ती कितीही उत्तम वाजली तरी त्या घरासाठी चुकीची आहे. आणि वडिलोपार्जित लाकडी स्पीकर माळ्यावर असतील तर ते विकण्याआधी एकदा कोठीला न्यावेत. कड बदलून, नवे टर्मिनल लावून ते एखाद्या छोट्या स्ट्रीमिंग अ‍ॅम्प्लिफायरला जोडावेत. जुन्यानव्याचा हा मेळ खर्चाने सगळ्यात हलका आहे, आणि एरगड्ड्याच्या रविवारच्या बाजारात किंवा जुमेरात बाजारात जुने स्पीकर शोधणाऱ्यालाही तो तसाच लागू पडतो. तिथे घेताना एक करावे: वूफरचा शंकूसारखा पडदा तळव्याने दोन्ही बाजूंनी हलकेच, सरळ आत दाबून पाहावा. कॉइल कुठे घासल्याचा आवाज आला तर ती जोडी सोडून द्यावी, आणि नाही आला तर कडेच्या फोमवरून भाव पाडावा.